किशोरी आणि नवविवाहितांसाठी आहाराचं सत्र: 'पालेभाज्या खा' याच्या पुढे काय सांगायचं?

काळी_कसदार

यवतमाळ-वर्धा सीमेवरच्या एका गावात १५ ते २२ वयाच्या मुलींसाठी रविवारी संध्याकाळी पाऊण तासाची चार सत्रं आहेत. बहुतेक जणी निंदणाला, वेचणीला, सोयाबीन सोंगायला जातात. काहींची लग्नं ठरली आहेत, दोघी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आल्या आहेत.

सुरुवातीला दहा प्रश्न विचारले. रक्त कशानं वाढतं? पालेभाज्या, बीट, गूळ-शेंगदाणे, खजूर. प्रथिनं कशात? डाळीत, अंड्यात. भिंतीवरची सगळी पोस्टरं पाठ आहेत. पण 'किती?' विचारलं की एकदम शांतता. पाच माणसांच्या वरणाला डाळ किती, लोहाची गोळी जेवणाआधी की नंतर, चहा किती वेळानं, यातलं एकीलाही सांगता आलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय निघाला होता. तेव्हा पोस्टर पाठ असून भागत नाही, हे उघड आहे.

इथल्या चुलीवर होणारं आणि इथल्या आठवडी बाजारात मिळणारं, मापासकट सांगा. किवी-ब्रोकोली नको.

मोजमाप

प्रश्नमंजुषा आधी बंद करा. त्यात पाठांतर तपासलं जातं, ताट तपासलं जात नाही. त्याऐवजी 'काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं' हे एकेकीला आठवायला लावा आणि दहा गटांत खुणा करा: धान्य व कंद, डाळी-कडधान्यं, दाणे व तेलबिया, दूध-दही-ताक, मटण-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या (लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा), बाकीच्या भाज्या, बाकीची फळं. पाच किंवा जास्त गट आले तर आहारात बऱ्यापैकी विविधता आहे असं धरतात. हे माप जागतिक अन्न व कृषी संघटनेचं आहे, १५ ते ४९ वयाच्या बायकांसाठीच केलेलं.

दोन चुका हमखास होतात. एक, भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर 'पालेभाजी' म्हणून धरली जाते. १५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो गट धरायचाच नाही. दोन, चहातलं दूध 'दूध' म्हणून लिहिलं जातं. तेही धरायचं नाही. एवढ्या दोन खुणा खोडल्या की सहाचे चार कसे होतात ते मुलींनाच दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही. मात्र सणाच्या किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हा खेळ घेऊ नका, उत्तरं भलतीच येतात.

नवा_सदस्य_४११

बीट, डाळिंब आणि खजूर यांचा रस रोज घेतला तर महिन्यात फरक पडतो असं वाचलं आहे. गूळही साखरेऐवजी वापरता येईल.

मोजमाप

बीट लाल आहे एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. गुळाचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम गुळात साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह आहे, पण १०० ग्रॅम गूळ खाणार कोण? चहाचा चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम गूळ म्हणजे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. गरज किती? मोठ्या बाईला दिवसाला २९, १६ ते १८ वयाच्या मुलीला ३२ मिलिग्रॅम. गूळ-शेंगदाण्याच्या मुठीत खरं काम शेंगदाणे करतात.

आता इथल्या ताटाचा हिशेब. ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम (आपल्या मोठ्या अडीच-तीन भाकरी), तूरडाळ ५०, भिजवलेला किंवा भाजलेला हरभरा ३०, माठाची किंवा चवळईची भाजी निवडून १००, शेंगदाणे २०, जवसाची चटणी १५ ग्रॅम. लोह अनुक्रमे ८, २, २, ४.५, ०.७ आणि ०.८, म्हणजे सगळं मिळून १८ मिलिग्रॅमच्या आसपास. हे झालं भरलेलं ताट. यात प्रथिनं जवळजवळ पुरतात (४६ ग्रॅमची गरज कशीबशी गाठली जाते), लोह मात्र पुरत नाही. म्हणूनच 'नीट जेवलं की गोळी नको' हे वाक्य सत्रात चुकूनही म्हणू नका.

आणखी एक. तेल धरून या ताटातून साधारण १३५० किलोकॅलरी मिळतात. शेतात राबणाऱ्या बाईची गरज २१०० च्या वर आहे. वेचणीच्या दिवसांत दोन भाकरी नाहीतर भात जास्त लागणारच. पोटाला कमी पडलं की शरीर डाळीतली प्रथिनं सरपणासारखी जाळतं, मग डाळ खाल्ली काय न् न खाल्ली काय.

वऱ्हाडी_ठेचा

मायबाप, हिशेब ठीक आहे, पण पोरीच्या ताटात ते येते का हे कोणी विचारून नाई रायलं. वरण शिजते पाच-सहा माणसाइचं, वाढताना घट्ट आधी बापाले न् भावाले, बुडाचं पाणी पोरीले न् सुनेले. पोस्टरवर 'डाळ खा' लिवलं, अन् पोरगी सांगते 'खाल्ली'. खोटं नाई बोलत ते, वाटीत डाळच नव्हती!

दुसरं, चहा. सकाळी सात वाजता चहा-टोस्ट, मंग वावरात. दहा-अकराले शिदोरी, तिथंच थर्मासातला चहा. दुपारी परत चहा. म्हणजे भाकर चहातच भिजून रायली.

मोजमाप

वऱ्हाडी_ठेचा यांचे दोन्ही मुद्दे सत्रात सगळ्यात आधी घ्या.

डाळीचं माप असं दाखवा. घरातली मध्यम वाटी तूरडाळीनं सपाट भरली की १२० ग्रॅमच्या आसपास डाळ बसते. ही एक वाटी सहा जणांत गेली तर माणशी २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं साडेचार ग्रॅम. वरण घट्ट असो की पातळ, डाळ तेवढीच. माणशी ५० ग्रॅम हवी असेल तर सहा जणांना अडीच वाट्या. परवडत नसेल तर वरणाच्या दीड वाट्या ठेवा आणि उरलेलं भिजवलेल्या हरभऱ्यातून, मुगातून घ्या. कडधान्याला एक गुण आहे, ते मोजून वाढता येतं, वरणासारखं वर-खाली होत नाही.

चहाबद्दल. चहाच्या पानातलं टॅनिन भाकरी-भाजीतल्या लोहाला पोटातच धरून ठेवतं. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. 'चहा सोडा' म्हणाल तर कोणी सोडणार नाही, वेळ हलवा. शिदोरीसोबतचा चहा सुटीच्या वेळी न्यायचा. दूध घालून, साखर कमी करून टॅनिन जात नाही, हेही सांगा.

अंबाडी

स्वयंपाकाच्या अंगानं थोडं.

लिंबू. भाजीवर पिळायचं ते ताटात, कढईत नाही. 'क' जीवनसत्त्व उकळीत जातं आणि लोह शोषायला तेच मदत करतं. अर्धं लिंबू पुरतं. इथे पेरू, आवळा, बोरं हिवाळ्यात स्वस्त असतात, पेरूत तर 'क' संत्र्याच्या कितीतरी पट (वरूड-मोर्शीकरांनी रागावू नये). चिंच आंबट असली तरी तिच्यात 'क' नगण्य, त्यामुळे 'आंबट म्हणजे क' हा नियम शिकवू नका.

पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. अंबाडीचा आंबटपणा कमी करायला ती उकडून पिळतो तेव्हा पाण्यात बरंच जातं. पाणी बेतानं घाला, अंबाडीत थोड्या कण्या आणि तूरडाळ घालून घट्ट शिजवली तर पिळायची गरज कमी पडते. पावसाळ्यात तरोटा, घोळ, चवळई बांधावर फुकट असते, पण तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरची तोडू नका. फवारणी कधी झाली हे वावरवाल्याला विचारूनच.

लोखंडी कढई. आंबट पदार्थ तिच्यात शिजवला तर लोह उतरतं, भाजी काळपट होते, ते बिघडलेलं नाही. शिजल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर लोखंडाची चव लागते आणि पोरं ताट ढकलतात. आतून काळा थर दिलेली नॉनस्टिक म्हणजे लोखंडी नव्हे.

आंबील. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ पेलाभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन पेले पाण्याला उकळी आणून त्यात सोडा, ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा, मीठ, लसूण, जिरं. धान्यातलं फायटेट लोह अडकवून ठेवतं, आंबवल्यानं ते कमी होतं. एप्रिल-मेमध्ये रात्रभर ठेवलं तर आंबून फसफसतं, तेव्हा पाच-सहा तास बास.

मोड. मूग किंवा मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा तासांत मोड येतात, पण फडकं बंद डब्यात ठेवलं तर चिकट होऊन वास येतो. माठाच्या बाजूला टांगून ठेवा. डिसेंबरात दिवसभर वाट पाहावी लागते, चुलीजवळ ठेवलं तर लवकर होतात.

जवस भाजून कुटूनच. अख्खा दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. एका वेळी आठवड्यापुरतीच चटणी करा, तेल लवकर खवट होतं. आणि पोस्टरवर नाचणी असते ती घाटावरची. आपली ज्वारी लोहात तिच्या फार मागे नाही. मुलींना उगाच वाटतं की आपल्या घरात चांगलं धान्यच नाही.

काळी_कसदार

सोयाबीनचं काय? गावात घरोघरी पोती आहेत, खात कोणी नाही.

अंबाडी

खाता येतं, पण कच्चं दळून नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. त्यामुळे पोट फुगतं, जुलाब होतात, पिठाला उग्र वास येतो आणि मग 'सोयाबीन बाधतं' म्हणून कायमचं बंद. रीत अशी: निवडून धुतलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाका (पाणी तिप्पट), २०-२५ मिनिटं उकळा, पाणी फेका, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, टरफल चोळून पाखडा. मग ९ किलो गव्हात किंवा ज्वारीत १ किलो मिसळून दळा. एकटं दळायला गिरणीवाला घेणार नाही, तेलामुळे जातं चिकटतं. प्रमाण वाढवलं तर भाकर थापताना फुटते. दीड महिन्यापेक्षा जास्त पीठ ठेवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेरणीतून उरलेलं बियाणं कधीच नाही. बीजप्रक्रियेचं औषध लावलेला दाणा गुलाबी-लाल दिसतो, धुतला तरी तो खाण्यालायक होत नाही. कोंबड्यांनाही घालू नका.

रक्तगट_ओ

तपासणीचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या (डेसिलिटर रक्तामागे ग्रॅम) खाली म्हणजे रक्तक्षय: ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. गरोदर बाईला सीमा ११, आणि ७ च्या खाली तीव्र. मुलींना स्वतःचा आकडा पाठ असला पाहिजे, 'रक्त कमी आहे' एवढं पुरत नाही. वहीत तारखेसकट लिहून ठेवायला लावा.

बोटातून घेताना चूक कुठे होते? स्पिरिट वाळायच्या आत टोचलं, किंवा थेंब येईना म्हणून बोट पिळलं, की पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. वावरातून आल्या आल्या गार हातांवर टोचू नका, आधी कोमट पाण्यानं धुवून हात चोळायला सांगा.

विदर्भात आणखी एक पाहावंच लागतं, सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, यवतमाळ, सगळीकडे आहे. तीन महिने नीट गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, सांधे-हाडं अधूनमधून दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर सोल्युबिलिटी चाचणी करा. नळीतलं द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की 'पॉझिटिव्ह'. पण ही चाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत फरक करत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. वाहक मुलीला लोहाच्या गोळ्या चालतात. एसएस असेल तर डॉक्टरांनी शरीरातला लोहाचा साठा तपासल्याशिवाय लोह नको, तिला फॉलिक ॲसिड मात्र नियमित लागतं. लग्न ठरलेल्या मुली आहेत म्हणालात ना? दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळलेलं बरं.

मुंगना

पाळीचंही विचारा. सात दिवसांपेक्षा जास्त जाते का, दर एक-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का. एकीचंही उत्तर 'हो' असेल तर कितीही मुंगन्याची (शेवग्याची) भाजी खाल्ली तरी गळक्या माठात पाणी भरल्यासारखं. आधी उपचार. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये छापली, त्यात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला होता. बोलत कोणी नव्हतं, एवढंच. तुमच्या गटातही पहिल्या रविवारी कोणी बोलणार नाही. चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगा.

मुंगन्याचा पाला मात्र सोडू नका, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. दूध डेअरीला जाणाऱ्या घरांत तोच आधार. सावलीत वाळवून चुरा केला तर वरणात, पिठात चमचाभर जातो.

काळी_कसदार

गोळ्यांबद्दल दोन अडचणी. मुली म्हणतात मळमळतं, शौच काळी होते, म्हणून फेकतात. आणि रेशनच्या तांदळात 'प्लास्टिकचे दाणे' येतात म्हणून आया ते निवडून टाकतात.

मुंगना

तांदळाचं मी सांगते. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाणे पाडतात आणि १०० दाण्यांत १ या प्रमाणात मिसळतात. दिसायला थोडे वेगळे, कधी धुताना तरंगतात, आणि निवडणाऱ्या बाईच्या हाताला नेमके तेच लागतात! म्हणजे सगळं लोह कोंबड्यांना. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोज १०० ग्रॅम तांदूळ शिजवला तर ३-४ मिलिग्रॅम. मोजमाप यांच्या ताटात हे मिळवा. तीन-चार पाणी करून चोळून धुऊ नका, मापाचं पाणी घाला, पेज ओतून देऊ नका. जाळून पाहण्याच्या परीक्षेला अर्थ नाही, साधा तांदूळही जळतोच. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्यापुरतं डॉक्टरांना विचारून घ्या.

निळी_गोळी

१० ते १९ वयाच्या मुलींची गोळी निळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आठवड्यातून एक. २० च्या पुढच्या, गरोदर नसलेल्या बाईला तेवढ्याच ताकदीची लाल, तीही आठवड्यातून एक. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून लाल रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. १२ च्या खाली आकडा असेल तर आठवड्याच्या गोळीनं भागत नाही. उपकेंद्रात दाखवलं की सौम्य-मध्यम असेल तर रोज दोन, तीन महिने, आणि दर महिन्याला तपासणी. महिन्यात १ ग्रॅमसुद्धा वाढला नाही तर पुढे पाठवायचं. गोळ्या बंद करून घरी बसायचं नाही.

शौच काळी होणारच, शोषलं न गेलेलं लोह तसंच बाहेर पडतं, अपाय नाही. हे आधीच सांगितलं तर गोळ्या फेकल्या जात नाहीत, नंतर सांगून उपयोग नाही. मळमळ बहुतेक वेळा रिकाम्या पोटी घेतल्यानं होते. रात्री जेवून तासाभरानं, लिंबू-पाण्यासोबत, झोपायच्या आधी. चहा-दुधासोबत नाही. गरोदर बाईला कॅल्शियमच्याही गोळ्या असतात, त्या लोहासोबत एका घोटात जातात आणि दोन्ही वाया. दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री.

वऱ्हाडी_ठेचा

शाळेत गोळी सोमवारी देतेत न्. अन् सोमवारी पोरीइचा उपास! श्रावणात तं विचारूच नका. उपाशी पोटी गोळी, मंग ओकारी, मंग 'ते गोळी बाधते'.

निळी_गोळी

बरोबर धरलंत. सोमवार ठरलेला असतो, पण त्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी देता येते. श्रावणात तुमच्या गटाला मंगळवारी रात्री जेवणानंतर द्या. उपासाला साबुदाण्यात प्रथिनं आणि लोह जवळजवळ नाहीच. राजगिऱ्याचा लाडू, भगर, दही, मूठभर शेंगदाणे घेतले तर दिवस फुकट जात नाही.

जंतांची गोळीही विसरू नका. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, चावून. अनवाणी वावरात जाणाऱ्या मुलींना आकडेकृमी पायातून शिरतो आणि आतड्यातून रक्त पितो. चप्पल घाला हाही आहाराच्या सत्रातलाच मुद्दा आहे. गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नाही.

अंबाडी

बाळंतपणाला आलेल्या दोघींसाठी: 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होते, बाळंतपण अडते' हे आजीकडून येतं, म्हणून पुढच्या रविवारी आजीलाही बोलवा. शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे दोन अंडी आणि एक जास्तीची वाटी घट्ट वरण. पोट दबलेलं असतं, एका बैठकीला जात नाही, पाच वेळा थोडं थोडं. बाळंतिणीला दहा दिवस नुसता भात-तूप आणि डिंकाचा लाडू देतात, डाळ-भाजी बंद, 'बाळाला वायू होते' म्हणून. तिथे भांडू नका. लाडवात डिंकासोबत तीळ, अळीव, शेंगदाणे वाढवायला सांगा आणि मूगडाळीचं पातळ वरण तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. मूगडाळीला आज्या सहसा नाही म्हणत नाहीत.

काळी_कसदार

पहिल्या रविवारी दहा गटांच्या खुणा आणि वाटीतली डाळ मोजणं. दुसऱ्या रविवारी चहा-लिंबू-गोळी. तिसऱ्याला उपकेंद्रातून हिमोग्लोबिन आणि सोल्युबिलिटी, चौथ्याला आयांसकट सोयाबीन आणि आंबील. स्वयंपाकघराचा वजनकाटा लागेल का?

मोजमाप

एक असला तर उत्तम, तोही पहिल्याच दिवशी. प्रत्येकीला स्वतःच्या घरची वाटी आणायला सांगा. एकीची वाटी ८० ग्रॅमची निघेल, दुसरीची १५०. वाटीच्या बुडाला खडूनं आकडा लिहून द्या. काटा नसेल तर किराणा दुकानात रविवारी दुपारी गर्दी कमी असते, तिथेच जाऊन मोजा.